उताऱ्याला हात

विमान खाली आलं, चाकं दिसली, आणि एकदम नाक वर करून ते गरजत निघून गेलं. विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या पडीक शेतात दीडशे माणसं एका आवाजात ओरडली, "गगनबाबा की जय!"

"बघितलं?" बाबाने मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवला. "शेपटाला पनवती बसली होती. मी विमान उचललं, झाडलं. आता परत येईल तेव्हा सुखरूप ठेवीन. ज्यांनी उतारा दिला त्यांची माणसं उतरतील. बाकीच्यांचं मी काय सांगू?"

काय सांगणार, कपाळ! तीन महिन्यांपूर्वी हाच गृहस्थ डिंडोलीच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकत होता. मग दर रविवारी इथे चारदोन जणांकडून विमानासाठी उतारा टाकून घेऊ लागला. गेल्या रविवारी घार आदळून एक विमान धावपट्टीवर अडकलं, संध्याकाळपर्यंत सगळी उड्डाणं रखडली, आणि याचं नशीब फळफळलं. "कुणीतरी उतारा चुकवला," एवढंच तो बोलला. आज डिंडोलीहून टेम्पो भरभरून आले होते.

हर्षदा आईच्या मागोमाग आली होती ती भांडायलाच. ती महापालिकेच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवायची, पण आईने, शोभाबाईने, तिचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. दहीभात आणि बोकडाची कलेजी सागरच्या फोटोवरून ओवाळून तिने भिंतीपाशी टाकली होती. सागर तिचा धाकटा. दोन वर्षांनी दुबईहून येत होता, याच विमानात.

हर्षदाने वर पाहिलं. डोक्यावर शंभरेक घारी घिरट्या घालत होत्या. खाली भिंतीलगत दीडशे जणांनी टाकलेली कलेजी पडली होती.

"ए बाबा!" ती ओरडली. "बुधवारी मी इथे दोन तास उभी होते. एक घार नव्हती. सगळी विमानं सरळ उतरली. तुझी शक्ती काय फक्त रविवारी कामावर येते?"

"रविवार देवाचा वार, बेटी."

"रविवारी उतारा पडतो, म्हणून घारी येतात! पायलटला त्या दिसल्या की तो विमान परत वर नेतो. नाही दिसल्या तर गेल्या रविवारसारख्या आदळतात. माय, तू सागरची पीडा नाही काढलीस. त्याच्या वाटेवर घारी जेवायला बसवल्यास!"

ती गर्दीकडे वळली.

"उचला हे सगळं. झाका. विमान परत यायच्या आत!"

एकही माणूस हलला नाही. टाकलेला उतारा कुणी ओलांडतसुद्धा नाही, उचलायचा कुठला? हात लावला त्याच्या मानगुटीवर पीडा बसते. बाबाला हे पक्कं ठाऊक होतं. "उचल की," तो हसला.

हर्षदा खाली बसली आणि कलेजी ओंजळीने आईच्या टोपलीत भरू लागली.

"हात नको लावू वं!" शोभाबाई किंचाळली. "तुले लागी जाई!"

"लागू दे! तुझा पोरगा वर आहे, माय!"

शोभाबाईने आभाळाकडे पाहिलं. घारी आणखी खाली आल्या होत्या. "मना सागर शे तठे," असं म्हणत तिने दोन्ही हात उताऱ्यात घातले. मग टेम्पोवाला धुडकू ताडपत्री घेऊन धावला, मग बाया आल्या, मग सगळेच. "पाप लागेल रे!" म्हणत बाबा मोटारसायकलकडे सरकला, पण धुडकूने आधीच किल्ली काढून घेतली होती.

विमान वरच घिरट्या घालत राहिलं. झाकलेला टेम्पो उतारा घेऊन निघून गेला. घारी हळूहळू पांगल्या, आणि बऱ्याच वेळाने विमान धावपट्टीवर उतरलं.

"बाबांची कृपा!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

शोभाबाई रक्ताळलेले हात घेऊन वळली. "कसली कृपा? मना हातेच मना पोऱ्या मरी जाता!"

नंतर कुणी जय म्हटलं नाही. त्या विमानातली माणसं कुठल्या कुंच्याने नाही, पायलटच्या डोळ्यांनी आणि उतारा उचलणाऱ्या हातांनी वाचली. बाबांनो, आपल्या माणसाची काळजी वाटते, वाटू द्या. पण त्या काळजीपोटी काहीही करण्याआधी त्याने नेमकं काय घडतं, एवढं तरी डोळे उघडून पाहा.