आडवळणाचं विमान

दामिनीने गाडीचं दार धरून अप्पांना सावकाश खाली उतरवलं आणि नांदेड विमानतळाच्या बाहेरच्या कठड्याशी उभं केलं. बंगळुरूचं विमान उतरून वीस मिनिटं झाली होती. माणसं बॅगा ओढत बाहेर येत होती. गुरुद्वाऱ्याला निघालेलं एक मोठं कुटुंब रिक्षावाल्याशी भाव करून निघून गेलं, मग दोन औषध कंपनीवाले गेले, आणि दारात फक्त बंदूक घेतलेला जवान उरला.

"आला न्हाई का गं वीरेश?" अप्पांनी विचारलं.

दामिनीने थोडं बाजूला जाऊन भावाला फोन लावला.

"अक्का, मी दिल्लीत आहे," वीरेश म्हणाला. मागे कुठली तरी घोषणा चालू होती. "अगं, सांगायचंच राहिलं. संध्याकाळच्या विमानाने येतोय. तुम्ही अहमदपूरहून निघाला नाहीत ना?"

"दिल्लीत? बंगळुरूहून इथं सरळ विमान आहे की रे."

"आल्यावर सांगतो."

तिने फोन पर्समध्ये टाकला. अप्पा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी आज कडक इस्त्रीचं धोतर नेसलं होतं.

"त्याचं विमान चुकलं, अप्पा. संध्याकाळी पोचतो म्हणाला."

"चुकायचंच," अप्पा म्हणाले. "कामाचा माणूस हाय. चल, स्वामी येऊन बसतील घरी."

अव्वाला, म्हणजे दामिनी-वीरेशच्या आईला, जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आज, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, तिची तिथी होती. पूजेसाठी बोलावलेल्या जंगम स्वामींना दुपारीच पुढे शिरूर अनंतपाळला जायचं होतं, त्यामुळे त्यांची पाद्यपूजा अप्पांनी एकट्यानेच केली. अप्पांचा हात स्वामींच्या पायांवर पाणी घालताना दोनदा थांबला, दोन्ही वेळा दाराकडे बघून. पुरणाचं एक ताट त्यांनी झाकून ठेवायला लावलं.

वीरेश दिवेलागणीनंतर भाड्याच्या गाडीने आला. चेहरा उतरलेला होता, पण मजेत होता. पहाटे चारला घर सोडलेला माणूस बंगळुरूहून अहमदाबाद, तिथून दिल्ली, दिल्लीहून नांदेड असा दिवसभर आकाशात फिरून आला होता. जेवताना दामिनीने पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने डाव्या हाताने फोन काढून तिच्यापुढे धरला. पडद्यावर सोनेरी रंगाचं एक कार्ड चमकत होतं, त्यावर त्याचं नाव.

"सरळ विमानात एकच टप्पा मोजतात, अक्का. असं फिरून आलं की तीन. टप्प्याला पॉइंट. मला एवढे तीनच कमी पडत होते."

"आणि मिळतं काय त्याचं?"

"वेगळी रांग असते. बसायला वेगळी खोली, खाणंपिणं." त्याने पुरणावर तूप ओढून घेतलं. "नावानं ओळखतात गं मला तिथं. पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा माझी बॅग सगळ्यांपुढं उपसली होती त्यांनी. अव्वानं दिलेले धपाटे, शेंगाची चटणी, सगळं टेबलावर. मागचे लोक हसत होते. आता तीच माणसं 'या वीरेशसर' म्हणतात."

दामिनीच्या डोक्यात तारखा फिरू लागल्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला आकडे आपोआप जुळतात, नको असले तरी. दोन वर्षांपूर्वी तिथी एप्रिलात गेली होती. वीरेश तेव्हाही मार्चच्या अठ्ठावीस तारखेलाच येऊन गेला होता. तिथीला जमणार नाही म्हणून पोरगं आधीच येऊन गेलं, हे अप्पांनी मोंढ्यातल्या प्रत्येक अडत्याला बसवून सांगितलं होतं. त्या वेळी तिचेही डोळे भरून आले होते.

"वर्ष कधी संपतं तुमचं, ह्या पॉइंटांचं?"

"एकतीस मार्चला. मग पुन्हा पाटी कोरी. दरवर्षी नव्यानं मिळवायला लागतं."

"काय म्हणायलाय गं?" अप्पांनी विचारलं. त्यांना आताशा कमी ऐकू यायचं.

"काही नाही अप्पा. विमानाचं सांगायलाय."

तिने उठून त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

जूनमध्ये अप्पांना दम लागू लागला. आधी जिन्यावर, मग अंगणात, मग नुसतं बसल्या जागी बोलताना. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हृदयाची झडप अरुंद झालीय, महिनाभरात ऑपरेशन झालं पाहिजे, त्यापलीकडे थांबणं बरं नाही. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"करा की. पण वीरेश आल्याबिगर म्या टेबलावर चढत न्हाई."

"अप्पा, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना?"

"ऐकलं. कानानं कमी ऐकतो, अकलेनं न्हाई. माणूस परत उठंल न उठंल. पोराचं तोंड बघूनच जाईन आत."

दामिनीने घराबाहेर येऊन फोन लावला. वीरेशने सगळं नीट ऐकलं. झडप कोणती, डॉक्टर कोण, तेही विचारलं.

"अक्का, ऑपरेशन झाल्यावर येतो ना मी. आत्ता येऊन मी काय करणार? तिथं डॉक्टर आहेत, तू आहेस."

"ते तुझ्यासाठी अडून बसलेत."

"समजाव ना त्यांना. माझं ऐकतात कुठं? आणि यंदा इथं सगळा गोंधळ झालाय. ऑफिसनं दौरे बंद केले. एकही प्रवास नाही एप्रिलपासून. कार्डसुद्धा जाणार बहुतेक यंदा." हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज खाली आला. अप्पांच्या झडपेबद्दल बोलताना तो तसा आला नव्हता.

तिने आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी ती भांडली, रडलीसुद्धा. तो "बघतो" म्हणाला. अप्पा रोज सकाळी विचारायचे, "काय म्हणाला?" आणि ती सांगायची, "सुट्टीचं बघायलाय." ते मान हलवायचे आणि तेवढ्यानेही त्यांना धाप लागायची.

चौथ्या दिवशी तासिका मोकळी होती. शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. दामिनीने चाचणीच्या उरलेल्या कागदाची कोरी बाजू पुढे घेतली आणि फोनवर विमान कंपनीचं पान उघडलं. वीरेशने मार्चमध्ये दाखवलं होतं तेच. कोणतं विमान कुठून सुटतं, कोणत्या वारी असतं, कुठे किती वेळ थांबतं, हे ती एकेक करून कागदावर मांडत गेली. घंटा झाली तसा तिने कागद घडी करून पुस्तकात ठेवला, वर्गावर जाऊन वर्गसमीकरणं शिकवली, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला हवं ते सापडलं. नांदेडला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना पंधरा ऑगस्टपर्यंत दुप्पट पॉइंट. अक्षरं बारीक होती, पण साफ होती. येताना अहमदाबाद, दिल्ली, नांदेड. जाताना हैदराबादवरून. पाच टप्पे, त्यांचे दहा.

तिने ते सगळं नीट लिहून त्याला पाठवलं. तारखा, वेळा, टप्पे. अप्पांचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

उत्तर पाच मिनिटांत आलं.

"अक्का!! हे मला कसं दिसलं नाही? तू तर माझ्या पुढं गेलीस. लगेच बुक करतो."

थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. "अप्पांचं ऑपरेशन कधी म्हणालीस?"

तिने लिहिलं, "तू येशील त्याच्या दुसऱ्या दिवशी."

वीरेश आला, आणि आल्यावर त्याने कशातही कमी केलं नाही. हे दामिनीला पुढेही कबूल करावं लागलं. त्याने सगळे कागद भरले, रक्ताची सोय केली, अप्पांना चाकाच्या खुर्चीवरून आत नेताना त्यांचा हात धरून शेवटच्या दारापर्यंत चालत गेला. ऑपरेशन चालू असताना तो पाच तास बाकावरून उठला नाही. तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाला, "बरं झालं आलो, अक्का." ते खरंच होतं. त्यानेच तिला जास्त त्रास झाला.

तिसऱ्या दिवशी अप्पांना साध्या खोलीत आणलं आणि तो परत गेला. शेजारच्या खाटेवर उदगीरचे धोंडप्पा म्हणून एक म्हातारे होते. अप्पा त्यांना छातीवर उशी धरून, तुटक तुटक सांगत होते.

"बंगळुरूला हाय माझा ल्योक. इकडून तिकडून तीन विमानं बदलून आला. लई हाल झाले त्याचे. पण आला." मग ते दामिनीकडे वळले. "तू म्हणत होतीस त्याला जमत न्हाई म्हणून. आतड्याचं माणूस हाय ते. कुणी बोलवायला लागत न्हाई."

"हाव, अप्पा."

"तुझा जरा गैरसमजच हाय त्याच्याबद्दल. पहिल्यापासून."

दामिनी फुलपात्रात पाणी ओतत होती. ते भरल्यावरही क्षणभर ओतत राहिली. मग फडक्याने टेबल पुसलं.

घरी सोडायच्या दिवशी ती फाइल घेऊन खिडकीशी उभी राहिली. आत पंचफुलाबाई नावाच्या पोक्त सिस्टर होत्या. त्यांनी गोळ्यांच्या वेळा समजावून सांगितल्या आणि तपासणीच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"वीस ऑगस्टला आणा त्यांना."

दामिनीचा फोन वाजला. वीरेशचा निरोप होता. "अक्का, आणखी एक फेरी झाली की यंदाचं काम झालं. अप्पांना परत कधी दाखवायचंय?"

तिने तो दोनदा वाचला.

"सिस्टर, पंधराच्या आत नाही का जमणार?"

"जमंल की. दोन-चार दिवसांनी काय होतं? काय अडचण हाय का?"

"त्यांचा मुलगा यायचाय."

पंचफुलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. "पुन्हा यायलाय का? नशीब लागतं बाई अशा लेकराला. बारा लिहू?"

दामिनीने पर्स उघडली. आतला, विमानांच्या वेळा मांडलेला घडीचा कागद काढून सरळ केला, आणि त्यावरून बोट फिरवत खाली आली.

"तेरा लिहा," ती म्हणाली. "बाराच्या आदल्या दिवशी अहमदाबादचं विमान नसतं."