क्रॅगबीच्या मैदानावरचा चहाचा बंब

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यांचे डोळे चेंडूवर असतात. माझ्याकडे कोणी पाहिलेच, तर चहा उरला आहे का, एवढेच पाहायला. मी क्रॅगबी टाउन क्लबचा जुना चहाचा बंब. सध्या मी प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालच्या कोठडीत, रंगाच्या वाळलेल्या डब्यांशेजारी पडून आहे. माझी पितळी तोटी कोणी तरी काढून नेली. तुम्ही वाट वाकडी करून इथवर आलाच आहात, तर माझी हकीकत ऐकून जा.

माझा जन्म बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी थेट क्रॅगबीच्या सूतगिरणीत गेलो. पाळी सुटली की बाया-माणसे कापसाच्या धुळीने पांढरी होऊन यायची आणि माझ्यासमोर रांग लावायची. ती माझी उमेदीची वर्षे. पुढे गिरणी बंद पडली. यंत्रे भंगारात गेली, इमारतीला कुलूप लागले. मला मात्र दोन विणकर बायांनी एका बाबागाडीत बसवले आणि चढावरून ढकलत फुटबॉलच्या मैदानावर आणले. गिरणी गेली तरी शनिवारचा सामना उरला होता आणि सामना म्हटला की चहा हवाच.

आमचा क्लब अगदी छोटा. आमचे खेळाडू आठवडाभर नळ दुरुस्त करीत, भिंतींना गिलावा करीत, शाळेत शिकवीत आणि शनिवारी बूट घालून मैदानात उतरत. गोलाच्या मागे पत्र्याच्या छपराची एक लाकडी खोली होती. तिला सगळे ऐटीत ‘हॉल’ म्हणत. तिथल्या ओट्यावर माझी जागा होती आणि माझी मालकीण होती ऑड्री हॅटर्सली. ती क्लबची सचिव होती. पंचांना बोलावणे, मोजे धुणे, गवत कापणाऱ्याशी भांडणे, सगळे तीच करायची.

एका मंगळवारी, सामना नसताना, तिला कुंपणाच्या भिंतीवर विल्फ ऑग्डन बसलेला दिसला. विल्फ एके काळी आमचा गोलरक्षक होता. आता बायको गेलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात.

“मंगळवारी इथं काय करतोयस, विल्फ?” ऑड्रीने विचारले.

“घरात बसवत नाही, पोरी. फार शांत असतं.”

ऑड्रीची स्वतःची साठी जवळ आली होती, तरी विल्फ तिला पोरीच म्हणायचा. तिने हॉल उघडला, मला चालू केले आणि त्याला मटण भरलेली पेस्ट्री आणि वाटाणे गरम करून दिले. पुढच्या मंगळवारी विल्फ एका शेजारणीला घेऊन आला. मग आणखी लोक येऊ लागले. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचा नवरा विसरभोळा होत चाललेला. ज्यांना चालवत नसे, त्यांना नसीम मलिक आपल्या टॅक्सीतून आणायचा. तो शनिवारी आमच्या फाटकावर तिकिटे फाडायचा आणि मंगळवारी मीटर झाकून गाडी चालवायचा.

“हा चहा आहे की डबक्यातलं पाणी?” विल्फ दर खेपेला विचारायचा.

“डबक्यातलंच आहे. तू गोल सोडून ज्यात लोळायचास ना, त्यातलं,” ऑड्री म्हणायची आणि सगळा हॉल हसायचा.

गावच्या वर्तमानपत्राने ऑड्रीचा माझ्याशेजारी उभे करून फोटो छापला. “बंबाचा चेहरा तुझ्यापेक्षा बरा आलाय,” असे विल्फने तिला ऐकवले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटे.

मग तो हंगाम आला. पानगळ संपेपर्यंत आमचा संघ आपल्या गटात पहिला होता. असे पूर्वी कधी झाले नव्हते. रस्त्यावर लोक खेळाडूंना थांबवून हात मिळवू लागले. गालिच्यांचा व्यापार करणारा लायल ब्रॅडवेल आमचा अध्यक्ष झाला. तो याच गावचा, लहानपणी याच कुंपणावरून डोकावून सामने पाहिलेला. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता, तर मला त्याचा निदान मोकळेपणाने राग तरी करता आला असता.

वरच्या गटात जायचे, तर नुसते जिंकून भागत नाही. मैदानावर छपराखालच्या खुर्च्याही पुरेशा असाव्या लागतात आणि त्या वसंतापूर्वी तयार व्हाव्या लागतात. आमच्याकडे तेवढ्या खुर्च्या नव्हत्या आणि त्या बांधायला एकच जागा होती. हॉलची.

समितीची बैठक हॉलमध्येच झाली. मी उकळत होतो.

“एक हंगाम कळ काढा,” लायल म्हणाला. “वर गेलो की पहिलं काम नव्या हॉलचं. माझा शब्द आहे.”

“आधी बांध, मग पाड,” नसीम म्हणाला.

“कुठं बांधू? तुझ्या टॅक्सीच्या टपावर?”

“मग राहू दे ना बढती. कोण मरतंय तिच्यावाचून?”

“असं कसं म्हणतोस, नसीम? ही पोरं चिखलात जीव तोडून खेळतायत. त्यांना काय सांगू, म्हातारे जेवतात म्हणून तुम्ही हरा?”

मते अर्धी इकडे, अर्धी तिकडे पडली. उरली ऑड्री. ती कोपऱ्यात बसलेल्या विल्फकडे वळली. तो समितीवर नव्हता. चहासाठी आला होता.

“विल्फ, तू सांग.”

विल्फने कप खाली ठेवला. “मी बारा वर्षं त्या गोलात उभा राहिलो आणि वर जायचं काही जमलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत एकदा जाऊ दे, पोरी. चहा काय, मी कुठंही पिईन.”

ऑड्रीने हात वर केला.

हॉल पाडायला एक सकाळ पुरली. मला फाटकाजवळच्या तिकिटाच्या खोलीत हलवले. ती इतकी अरुंद की मंगळवारची माणसे अंगात कोट घालून बाहेर, पावसात कप धरून उभी राहत. “थोडेच दिवस,” ऑड्री प्रत्येकाला सांगायची. काही जण परत आले नाहीत. विल्फ येत राहिला. शेवटच्या सामन्यात आमच्या गिलावा करणाऱ्या कप्तानाने डोक्याने गोल मारला आणि आम्ही वर गेलो. लायल गवतावर बसून लहान मुलासारखा रडला. विल्फ आपली टोपी हरवून बसला. ऑड्री कुणालाही मिठी मारीत सुटली होती. त्या संध्याकाळी मी इतका चहा दिला की माझा तळ कोरडा पडून करपला. तरी मला आनंदच होता.

नंतरच्या मंगळवारी ऑड्रीने नेहमीप्रमाणे मला भरले. फाटकाशी विल्फ आणि चार-पाच जण आले. विल्फने चक्क टाय बांधला होता. तेवढ्यात लायल घाईघाईने आला.

“ऑड्री, आज नको गं. जाहिरातदार येतायत, फोटोवालेही. ही खोली मला लागणार आहे.”

“यांना कुठं बसवू?”

“आजचा दिवस घरी जाऊ देत ना. दर मंगळवारी तर येतात.”

“अरे, यांच्या डोक्यावरचं छप्पर काढून तू तिथं खुर्च्या मांडल्यास. निदान त्या खुर्च्यांवर तरी बसू दे!”

“त्यांच्यावर अजून प्लास्टिक आहे,” लायल खाली मान घालून म्हणाला. “फोटो झाल्यावर काढायचंय.”

विल्फनेच ते भांडण मिटवले. “राहू दे, पोरी. आजचा दिवस पोरांचा आहे.” त्याने टाय सारखा केला आणि इतरांना घेऊन तो उतारावरून खाली गेला. कुणीही त्यांना थांबवले नाही. ऑड्रीने माझे बटण बंद केले. माझ्यातले पाणी सावकाश निवत गेले आणि कोणी ते ओतूनही टाकले नाही.

नवा हॉल झाला नाही. लायलने शब्द मोडायचा असे ठरवले नव्हते. फक्त दर वेळी काही तरी आधी करावे लागायचे. आधी दिवे, मग लांबच्या सामन्यांसाठी बस, मग बाहेरगावचे खेळाडू, कारण आमचा नळवाला आणि गिलावा करणारा वरच्या गटात कमी पडू लागले. चहासाठी एक झगमगीत गाडी आली आणि मला खुर्च्यांखाली ढकलले गेले. ऑड्रीने चर्चचा हॉल मागितला, तर तो महिन्यातून एकदाच मिळाला. दोन खेपांना तीन माणसे आली, तिसऱ्या खेपेला ती एकटीच बसून होती. मंगळवार विस्कटला होता. विस्कटलेला सामना पुढच्या शनिवारी पुन्हा खेळता येतो, मंगळवारचे तसे नसते.

विल्फ येत नाही, हे कुणाच्या लक्षात यायला आता जागाच नव्हती. ज्याला त्याला वाटले, तो दुसरीकडे कुठे तरी जात असेल. थंडीत तो आपल्या स्वयंपाकघरात पडला आणि तसाच गेला. शेजारणीला कळले, तेव्हा दारात दुधाच्या बाटल्या साचल्या होत्या. ऑड्री तेव्हा क्लबच्या बसबरोबर दूरच्या गावी गेली होती.

पुढच्या शनिवारी सामन्याआधी क्लबने एक मिनिट मौन पाळायचे ठरवले. माझ्या डोक्यावरच्या पायऱ्यांवर शेकडो बूट उभे राहिले. कर्ण्यातून आवाज आला, “आपले एकनिष्ठ समर्थक विल्यम ऑग्डन यांना आदरांजली.” पंचांची शिट्टी वाजली. सगळे चिडीचूप झाले.

“विल्फ्रेड!”

तो ऑड्रीचा आवाज होता. कुणी तरी तिला “शू…” केले.

“शू काय करताय? विल्फ्रेड होतं त्याचं नाव! इथल्या गोलात बारा वर्षं उभा होता तो. तुमच्या खुर्चीखालीच बसून चहा प्यायचा!”

“ऑड्री, खाली बस गं,” लायल कुजबुजला. “मौन चाललंय.”

“ते तर केव्हाचंच चाललंय, लायल,” ती म्हणाली. तिचे बूट माझ्या डोक्यावरून एकेक पायरी उतरत गेले. मागोमाग नसीमचे गेले. दुसरी शिट्टी वाजली, टाळ्या झाल्या आणि खेळ सुरू झाला.

ऑड्री पुन्हा मैदानावर आली नाही. हंगामाअखेर आमचा संघ तळाला गेला आणि खाली उतरला. बाहेरगावचे खेळाडू निघून गेले. लायलने काही दिवस तग धरला, मग प्रकृतीचे कारण सांगून तोही गेला. खुर्च्या मात्र आहेत. शनिवारी त्यांतल्या बहुतेक मोकळ्या असतात. पाऊस आला की पाणी त्यांच्या फटींतून माझ्यावर ठिबकते.

मित्रांनो, मला घासूनपुसून कुठे मांडून ठेवा, असे मागणे मी मागत नाही. पत्र्याला गंज चढायचाच. तुम्हीही कधी तरी एखादा संघ चालवाल, मंडळ चालवाल आणि तुम्हालाही वर जावेसे वाटेल. जरूर जा. पण ज्या माणसांसाठी दार उघडले होते, ती दाराशी आली आहेत का, हे रोज पाहत जा. एखादा दिसेनासा झाला, तर तो दुसरीकडे सुखात असेल असे धरून चालू नका. उठा, त्याच्या घरी जा, दार वाजवा. नंतर मौन पाळायला खूप लोक येतात. त्याला एक मिनिट लागते आणि नावही नीट माहीत असावे लागत नाही.