उपाशी मक्याचा वाफा

मातीचा अहवाल पाहून संशोधक बाईंनी कपाळाला हात लावला. नत्र पुन्हा वाढलेलाच.

मक्याच्या शेताचे त्यांनी लहान लहान वाफे पाडले होते. काहींना कंपोस्ट, काहींना पालाश, काहींना दोन्ही. आणि काही तुलनेसाठी मुद्दाम बिनखताचे. त्यांतल्याच एका कडेच्या वाफ्यात कंपोस्टवाल्याइतका नत्र कुठून येतो, हे काही केल्या उमगत नव्हतं.

"तुमच्याकडे नमुन्यांची सरमिसळ झालीय," त्यांनी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सुनावलं.

"मॅडम, पुन्हा पुन्हा तपासलंय. आता मातीलाच विचारा," तोही वैतागला होता.

तणतणत त्या शेतात गेल्या. कडेच्या वाफ्यात त्यांचे वडील उकिडवे बसले होते, शेजारी बादली. ते रोज लेकीचा डबा घेऊन यायचे आणि ती मोकळी होईपर्यंत बांधावर फेऱ्या मारायचे. आज मात्र एकेका बुंध्याशी मूठमूठ कंपोस्ट घालताना दिसले.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अगं, खालची पानं कशी पिवळी पडली होती. शेजारचे खाऊनपिऊन सुखी आणि हे बिचारे उपाशी. तुझ्या लक्षात आलं नसेल म्हणून मीच घालतोय रोज थोडं."

"मीच ठेवलंय त्यांना उपाशी."

"का? त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

बाई बांधावर मटकन बसल्या. "खतानं फरक पडतो हे दाखवायला बिनखताचं काहीतरी लागतं ना, बाबा."

"मग पडलाच की फरक. बघ, किती हिरवा झालाय."

वाफा बाद करावा लागला. नशिबानं बिनखताचे बाकीचे वाफे वडिलांच्या हाती लागले नव्हते. बाईंनी तंत्रज्ञाची माफी मागितली. त्यानं ती जरा आढेवेढे घेतच स्वीकारली. वडिलांना ऑफिसमागची मोकळी पट्टी दिली आणि बादली तिथून हलवायची नाही, अशी तंबीही.

कापणीला वडील हजर. "माझ्या वाफ्याचं वजन?"

"बाद वाफ्याचं करत नाहीत."

त्यांनी तोंड असं पाडलं, की शेवटी तंत्रज्ञानंच ती कणसं काट्यावर ठेवली. बिनखताच्या मक्याहून चांगली भरली होती, पण कंपोस्ट आणि पालाश दोन्ही मिळालेल्या मक्याच्या पासंगालाही पुरत नव्हती.

"दोन्ही घालायचं असतं हे मला आधी सांगायचंस ना," वडील लेकीवरच चिडले.