सगळ्यांना पाठवलेला गुलाब

मी एक ब्लॉग आहे, वय आठ दिवस. सफाक्स शहराच्या जुन्या बाजारात वापरलेले मोबाइल विकणाऱ्या झुहेरच्या दुकानात माझा जन्म झाला. त्याची शाळा बेताचीच. पण फोन हाती घेतला की माणूस कळतो, म्हणतो. काच तडकलेली असेल तर धनी तापट, बोटांनी झिजलेली असेल तर एकटा.

मी जन्मलो तो एका गुलाबामुळे.

चार वर्षांपूर्वीची ईद. त्या सकाळी धाकट्या भावानं थोरल्याच्या घरी जायचं, खारा मासा आणि मनुका-कांद्याची शर्मुला खायची, हा आमच्याकडचा रिवाज. झुहेर मात्र आदल्या दिवशीच्या गर्दीनं दमलेला. अंथरुणातूनच त्यानं थोरल्या तय्यबला चंद्रकोरीचं चित्र पाठवलं आणि कूस बदलली. तय्यब ताट वाढून दुपारपर्यंत बसून राहिला. मग चार वर्षं अबोला.

गेल्या शुक्रवारी तय्यबकडून फोनवर लाल गुलाब आला, खाली 'शुक्रवार मुबारक'. झुहेरचे डोळे भरून आले.

"नबीहा, दादा विरघळला गं!"

बायकोनं स्वतःचा फोन पुढे केला. "मलाही आलाय. खाटकालाही गेला असेल. दर शुक्रवारी गावभर वाटतो तो. या खेपेला बोट घसरून तुझ्या नावावर पडलं असेल."

तेव्हा झुहेरनं मला लिहायला घेतलं. सगळ्यांना पाठवलेला गुलाब एकाला पोचतो का, हा माझा पहिला प्रश्न. ती ईदही त्यानं लपवली नाही. 'चूक माझी' हे शब्द तीनदा खोडले, चौथ्यांदा राहू दिले. आणि मग माझा पत्ता एका दाबात सगळ्यांना धाडला. व्यापारीच तो!

काल तय्यब दुकानात आला. हातात झाकलेला डबा. ईद नव्हती, तरी शर्मुलेचा वास.

"हे सगळ्यांना पाठवलंस की मला?"

"सगळ्यांना, दादा."

"गुलाब मीही सगळ्यांनाच पाठवला होता, गाढवा. पण त्या यादीत तुझं नाव घालायला मला चार वर्षं लागली."

झुहेरनं स्टूल पुसून पुढे सरकवलं, आपला फोन उपडा ठेवला. काल माझ्यात एक शब्दही भरला गेला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

या, मला वाचा. फोनपायी आपण एकमेकांशी कसे वागू लागलो, ते इथं सावकाश बोलू. पण वाचता वाचता कुणी आठवलं, तर मला त्यांच्याकडे पाठवू नका. मला मिटा आणि डबा घेऊन निघा.