औषध दोघांचं

गेले आठ महिने हरेशच्या घरात सुकट, अंडं आणि पपई त्याच्या बायकोच्या, प्राजक्ताच्या ताटात पडली नव्हती. सुनेच्या अंगावरून पांढरं जातंय म्हणजे तिच्या अंगात उष्णता वाढली आहे, असं सासूबाईंचं, सरूबाईंचं ठाम मत होतं. त्यांनी तिला तांदळाचं धुवण पाजलं, कसल्या कसल्या साली उगाळून दिल्या. प्राजक्ताने सगळं निमूट घेतलं, पण गुण येईना.

आणि आता ते पांढरंही राहिलं नव्हतं. हिरवट-पिवळं, फेसाळ जायचं, वास यायचा, लघवीला आग व्हायची आणि खाज अशी की शेजारणींत चार मिनिटं बसणं नको व्हायचं. वासाच्या धास्तीने ती दिवसातून तीनदा साबणाने आणि जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतपर्यंत धुवायची. त्याने आग आणखी भडकायची. एप्रिल सुरू होता, नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळे त्या पाण्यावरूनही तिलाच बोलणी बसत. आतले कपडे ती दोरीवर साडीखाली लपवून वाळवायची. ते नीट वाळतही नसत.

हरेश जव्हारला एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. शांत, निर्व्यसनी, बायकोवर हात न उचलणारा. लोक त्याला भला माणूस म्हणत. पण बायकोला हे कुठून आलं, ते या भल्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

वर्षभरापूर्वी तो कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी महिनाभर ठाण्याला होता. तिथे एका संध्याकाळी बरोबरच्या मंडळींच्या नादाने तो जाऊ नये तिथे गेला. एकदाच. परत आल्यावर काही दिवसांनी लघवीला जळजळ सुरू झाली. जव्हारला ओळखीचे लोक भेटतील म्हणून तो नाशिकला एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बायकोलाही तपासून औषध द्यायला हवं, आणि दोघांचं औषध पुरं होईपर्यंत जवळ जाऊ नका. नाहीतर हे फिरून फिरून येईल." हरेशने मान डोलावली. चौथ्या दिवशी जळजळ थांबली, तशी त्याने उरलेल्या गोळ्या बसस्टँडमागच्या गटारात टाकल्या. बायकोला काय सांगणार होता? त्याने काहीच सांगितलं नाही.

प्राजक्ता दोनदा सरकारी रुग्णालयात जाऊन आली. दोन्ही वेळा औषधाने बरं वाटलं, आणि महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या वेळी तिथल्या मंगळी सिस्टरनी तिला सांगितलं की आता नवऱ्याला बरोबर आणा. तिने तसा निरोप दिला. हरेश म्हणाला, मार्चअखेरची कामं अजून उरकली नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू. असे तीन आठवडे गेले.

एका रविवारी जेवणं चालली असताना सरूबाई म्हणाल्या, "हरेश, हिला सूर्यमाळला बापाकडं नेऊन सोड. ही घाण तिकडूनच आणलीय हिनं. लग्नाआधीचं कुणाला काय ठावं?"

प्राजक्ताचा हात ताटात थांबला. ती नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "तुम्ही तरी सांगा, मी काय केलंय?"

हरेश खाली मान घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, पिशवी भरली आणि माहेरी जायला एकटीच मोखाड्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. हरेश दारात उभा राहून बघत राहिला.

त्या दिवशी त्याने कार्यालयात एका अर्जावर तीन वेळा चुकीचा दिनांक घातला. दुपारी तो उठला आणि थेट रुग्णालयात गेला. मंगळी सिस्टर जव्हारच्याच डोंगराळ भागातल्या, पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि त्याला बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदा हरेशने ती ठाण्याची संध्याकाळ दुसऱ्या माणसाला सांगितली.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं की बाईच्या अंगावरून थोडं पांढरं, बिनवासाचं पाणी जाणं हा काही आजार नाही. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात ते वाढतंही. उष्णतेशी किंवा पपईशी त्याचा काही संबंध नाही. दह्यासारखं घट्ट जाऊन खाज आली तर बहुधा बुरशी असते. पातळ, करड्या रंगाचं जाऊन मासळीसारखा वास आला तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. प्रत्येकाचं औषध वेगळं, म्हणून तपासल्याशिवाय दुकानातून गोळी आणू नये. आतली जागा आपली आपण स्वच्छ राहते, तिथे साबण किंवा जंतुनाशक घालायचंच नाही.

"आणि प्राजक्ताला आहे तो संबंधातून पसरणारा जंतू," त्या म्हणाल्या. "पुरुषाला बरेचदा काही त्रासच होत नाही. त्याला वाटतं, आपण बरे झालो. तुम्ही गोळ्या अर्ध्यात सोडल्या, तिला औषध दिलं नाही. ती बरी झाली की तुमच्याकडून पुन्हा तिला. याला औषध दोघांनी एकाच वेळी, पुरतं घ्यावं लागतं. आणि उद्या तिच्या ओटीपोटात दुखून ताप आला, तर एक दिवसही थांबायचं नाही."

"सिस्टर, तुम्हीच तिला औषध द्या ना. कारण सांगू नका."

"तुमचं मी कुणाला सांगणार नाही, भाऊ. ते माझं काम नाही. पण ती बाई आज बापाच्या घरी बसून आपलं काय चुकलं ते शोधतेय. तिला खरं सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल, तर गोळीआधी तिला त्याची गरज आहे."

दुसऱ्या दिवशी हरेश रजा टाकून सूर्यमाळला गेला. सासरे नवसू अंगणात होते, जावयाचा चेहरा बघून काही न विचारता बाजूला झाले. प्राजक्ता वरच्या पाड्याच्या विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. त्याने हंडा उतरवून घेतला आणि पायवाटेवरच्या दगडावर बसून तिला सगळं सांगितलं. नाद लावणाऱ्यांची नावं त्याने घेतली नाहीत, सबबी सांगितल्या नाहीत.

ती रडली नाही. म्हणाली, "आठ महिने मी स्वतःला घासत होते. तुम्ही बघत होतात."

हरेशला वाटलं, तिने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"उद्या दवाखान्यात येईन," ती म्हणाली. "औषधासाठी येईन. बाकीचं मला विचारू नका."

त्याच संध्याकाळी घरी येऊन त्याने आईला सांगितलं की दोष सुनेचा नव्हता, आजार आपण आणला. सरूबाई निवडत असलेल्या तांदळाचं सूप मांडीवर तसंच धरून बसल्या.

"तुला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "मग मला बोलू कशाला दिलंस तिला?"



रुग्णालयात दोघांची तपासणी झाली, एचआयव्हीसाठी आणि इतर गुप्तरोगांसाठी रक्तही घेतलं. रक्तात काही निघालं नाही. दोघांनी सात दिवस गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. प्राजक्ता बरी झाली, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही जंतू नव्हता.

मधल्या काळात सरूबाई स्वतः जीपने सूर्यमाळला गेल्या आणि व्याह्यांच्या अंगणात, चार बायकांच्या देखत, सुनेची माफी मागून आल्या. प्राजक्ता परतली ती त्यानंतर. हरेशशी ती कामापुरतं बोलते. तो वाट बघतो. आपण तिला आठ महिने वाट बघायला लावली, हे त्याला आता रोज कळतं.

वाचकहो, अशा आजाराला औषध असतं, साधं आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारं. उशीर होतो तो आपल्या लाजेने. घरातल्या बाईने असा त्रास सांगितला, तर तिच्या चारित्र्याची नि ताटाची झडती घेऊ नका, तिला दवाखान्यात न्या. आणि पुरुषांनो, डॉक्टरांनी दोघांना बोलावलं तर दोघांनी जा! तुम्ही गप्प बसता, त्याची शिक्षा तिच्या अंगावर निघते.