सामायिक नोंद

आईचा वकील, वडिलांचा वकील आणि मी समुपदेशक, अशा तिघांनी एकत्र बसून आठ वर्षांच्या तेजलचा ताबा कुणाकडे याचा आराखडा करायचा, असं कोर्टानं ठरवून दिलं होतं. कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, हा नियम मात्र माझा. मी तो मोठ्या तोऱ्यात मांडला होता आणि दोन्ही वकिलांनी माना डोलावल्या होत्या.

तेजल आठवडाभर बेगडेवाडीला आईकडे, सारिकाकडे असायची. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे शनिवारी दुपारी लोणावळ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीतून वडील, कैलास, तिला खंडाळ्याला न्यायचे. तिथं ते भाड्याचे बंगले सांभाळतात. चार बैठका पोरीनं अवाक्षर काढलं नाही. पाचवीला, गुरुवारी, चित्र रंगवता रंगवता म्हणाली, "पप्पा मला दरीच्या कठड्यावर बसवत्यात. हात सोडत्यात. म्हणत्यात, जजसायबांना माझंच नाव सांगशील ना?"

त्याच संध्याकाळी नोंद लिहिली आणि नियमाप्रमाणे दोन्ही वकिलांना पाठवली. आईच्या वकिलानं तातडीचा अर्ज केला, सुनावणी सोमवारी लागली. वडिलांच्या वकिलानंही नियम पाळला. त्यानं अशिलाला नोंद दाखवली. मध्ये शनिवार येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बावीस वर्षं हेच काम करते, आणि एवढं साधं सुचू नये.

सारिकाचं मन तयार नव्हतं, पण आदेश मोडला तर ताबाच जाईल, या भीतीनं शनिवारी ती पोरीला माझ्या खोलीत सोडून गेली.

कैलास वेळेवर आले. चिडलेला माणूस मला सांभाळता येतो. हे तर हसत होते.

"नोंद वाचली, मॅडम. लय बारीक लिवता तुमी."

मी दारात उभी राहिले. "आज तेजल येणार नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा."

"कशाला? तिलाच इचारू की." ते तिच्यापुढं उकिडवे बसले. "तेजू, काय सांगितलंस गं मॅडमना?"

तेजल माझ्याकडे बघत राहिली. ज्या एकाच माणसाला तिनं सांगितलं, त्यानंच ते बापाला पोचवलं होतं. पोरीला ते कळलं होतं. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

"मी काहीच न्हाई सांगितलं. व्हय ना, मावशी?" तिनं मलाच विचारलं.

"मग मॅडम तसं लिवून देतील," कैलास म्हणाले.

तेजल उठली. माझ्या टेबलावरचं पेन तिनं आणलं, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिलं.