माझी चाकी कुणी ओवली नाही

मी एक जुनी पितळी नळी आहे. होडीच्या तळाला भोक पाडून मला तिथे बसवलं आहे. खोली मोजणारा सेन्सर बाहेर पाण्यात असतो, त्याची तार माझ्या पोटातून होडीत येते. तार आत यावी आणि पाणी बाहेर राहावं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

मित्रांनो, मला ओतलं, कानशीने घासलं, आटे पाडले. माझ्याबरोबर एक रबरी कडी आली आणि एक चाकी, म्हणजे नट. चाकी आवळली की कडी दबते आणि तारेला घट्ट धरते. बावीस वर्षं आम्ही तिघींनी थेंब आत येऊ दिला नाही. म्हातारा मालक मला पुसताना म्हणायचा, "ही आहे म्हणून आपण कोरडे." तो गेला, तसं पुसणंही गेलं.

यंदा सेन्सर बिघडला. नवा बसवायला घरचे जावई आले. वायरमन आहेत, हात चांगला, पण घाई अशी की जणू मागे कुत्रं लागलंय. तारेत आधी कडी ओवायची, मग चाकी, आणि प्लग सगळ्यात शेवटी. यांनी सोल्डरचा डाग देऊन प्लग आधी जोडला. मग बघतात तर कडी आणि चाकी बाजूला तशाच, आणि जाडा प्लग त्यांच्यातून जाईना. सोडवायला तास गेला असता. त्यांनी माझ्यात पेस्ट कोंबली आणि हात झटकले.

सासूबाई बघत होत्या. "जावईबापू, ती चाकी राहिली वाटतं."

"लागत नाही आई आता. ही पेस्ट दगडासारखी होते."

"बरं, तुम्हाला माहीत."

झालं. जावयाला दुसऱ्यांदा टोकायचं कसं? इथे माझा जीव टांगणीला, आणि यांना मानपान सुचतंय.

होडी पाण्यात उतरली. मुलगी चालवायला, आई आणि जावई सोबत. मध्यावर पोचेपर्यंत इंजिनाच्या हादऱ्याने तार हलली, पेस्टचा गोळा सुटला आणि पाणी भळाभळा आत आलं. मुलीने ओढणीचा बोळा करून माझ्यावर दाबून धरला.

"तुम्ही उपसा. आई, तू सुकाणू धर. तुला दिसलं होतं ना? मग गप्प का बसलीस?"

"अगं, जावई आहेत ते."

"पाण्याला कळतं का ते?"

जावई मान खाली घालून उपसत राहिले. गुडघाभर पाण्यानिशी होडी कशीबशी काठाला लागली. मग त्यांनी प्लग कापला, कडी ओवली, चाकी ओवली, आणि सासूबाई डोक्यावर उभ्या राहिल्या. "अजून एक पिळा द्या. हं, अजून एक."

मित्रांनो, कुणी घाईत काही जोडत असेल आणि एखादा भाग बाजूला पडलेला दिसला, तर विचारा. उडवून लावलं तर परत विचारा. मला तोंड आहे पण बोलता येत नाही. तुम्हाला येतं, ते कशासाठी जपून ठेवता?